बरोबर गायलो आणि चुकलो

माझ्या लेकीला आम्ही घरात ‘कशावरून’ म्हणतो. बोलायला लागली तेव्हापासून तिचा हा एकच प्रश्न. दूध गरम आहे गं, फुंकून पी. कशावरून? झोपायची वेळ झाली. कशावरून? एकदा तिचे बाबा वैतागून म्हणाले, “मी तुझा बाप आहे म्हणून सांगतोय.” तर ही बया कमरेवर हात ठेवून, “कशावरून?” हे हसून हसून खुर्चीवरून पडायचे तेवढे राहिले. मी मात्र तिथल्या तिथे ओळखलं, ही पोर आपल्याला सुखाने दोन घास खाऊ देणार नाही.

तशीच निघाली. मोठी होऊन तत्त्वज्ञान शिकली आणि विद्यापीठात तेच शिकवायला लागली. त्यातही कशाचं, तर संगीताचं तत्त्वज्ञान. म्हणजे गाणं सोडून गाण्याबद्दल बोलायचं. मी जन्मभर शाळेत गाणं शिकवलं, निवृत्त झाल्यावर स्वस्थ बसवेना म्हणून गायनवृंद चालवते, आणि माझ्याच पोटी हे. तिचा गळा काय होता म्हणून सांगू! लहानपणी ती घरात गुणगुणायला लागली की शेजारची माणसं भांडण थांबवायची. असा गळा घेऊन ती वाचनालयात जाऊन बसली. मी वर्षभर तिच्याशी नीट बोलले नव्हते तेव्हा. राग माझ्या नाकावर असतो हे सगळ्यांना माहीत आहे, पण तो राग नव्हता. मला वाईट वाटलं होतं, फार वाईट वाटलं होतं.

वृंदाचं सांगते, म्हणजे पुढचं कळेल. बंबखान्याच्या वरच्या मजल्यावर आमची तालमीची खोली आहे. खाली लाल बंब उभे, वर आम्ही. मधेच घंटा वाजते, खालची माणसं धावतात, बंब दणदणत बाहेर पडतो, आणि आम्ही तेवढा वेळ तोंड मिटून उभे राहतो. आवाज लांब गेला की सोडलेल्या जागेवरून पुन्हा उचलायचं. वृंदात एक दंतवैद्य आहे, टपाल वाटणारी एक बाई आहे, दोघी शिंपी बहिणी आहेत, आणि मधल्या पट्टीत गाणाऱ्यांच्या, म्हणजे मधल्या आवाजांच्या, पुढे माझी धाकटी बहीण, म्हणजे कशावरूनची मावशी. सगळे दिवसभर कामं करून येतात. पण सूर? सूर हलत नाही कुणाचा. मी हलू दिलेला नाही. कुणी केसाएवढं घसरलं तरी माझा हात वर जातो आणि मी म्हणते, “थांबा.” मग पुन्हा. पुन्हा. दंतवैद्य म्हणतो, त्याच्या खुर्चीतले रोगी सुद्धा त्याला इतके घाबरत नसतील जितका तो मला घाबरतो. बरंच आहे. आजूबाजूच्या शहरांतले वृंद आमच्यानंतर गायला नको म्हणतात, आणि हे मी फुशारकी म्हणून नाही, खरं म्हणून सांगते. बरं, थोडी फुशारकीही आहे.

तर कशावरूनचं पुस्तक आलं. मी ते वाचायला घेतलं आणि तिसऱ्याच पानावर तळपायाची आग मस्तकात गेली. ती स्वयंपाकघरात कांदा चिरत होती, तिथे पुस्तक घेऊन गेले.

“हे काय लिहिलंयस? एक सूर चुकला तर ते गाणंच नाही?”

“ते गाणं नाही,” ती म्हणाली. “दुसरं कुठलंतरी आहे. जवळचं, पण दुसरं.”

“आणि तुझ्या लग्नात गाताना मावशी खोकली मधेच, ते?”

“तेही दुसरं.” सुरी चालूच. “आई, ऐक ना. एक सूर चुकला तरी तेच गाणं, असं तू म्हणालीस, तर मग त्यात आणखी एक चुकला तरी तेच म्हणावं लागेल. मग आणखी एक. असं करत करत अंगाईचं कवायतीचं गाणं होईल आणि तू म्हणशील तेच आहे. रेघ कुठेतरी मारायला हवी ना? मी पहिल्याच सुरावर मारली. गाणं म्हणजे त्याचे सूर. कोण गातंय, कुठल्या मनाने गातंय, त्याचा संबंध नाही.”

“मनाचा संबंध नाही?”

“नाही.”

“मग मी जन्मभर काय गवत उपटत होते?”

हे मधे पडले. ते नेहमी मधे पडतात आणि नेहमी दोन्हीकडून बोलणी खातात. त्या दिवशीही खाल्ली. तिचं म्हणणं खोडता येत नव्हतं हेच मला झोंबलं होतं. मला माहीत होतं की ते चूक आहे. पण ‘कशावरून’ म्हणून विचारलं असतं तर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

पुस्तकाचं नाव मात्र झालं. लांबलांबच्या लोकांनी त्यावर लिहिलं. कशावरून इतकी वर्षं हंगामी म्हणून शिकवत होती, दर वर्षी नेमणूक नवी, दर वर्षी धाकधूक. कायमच्या जागेसाठी तिला दोनदा डावललं होतं. आता तिसऱ्यांदा जागा निघाली, आणि हीच शेवटची, कारण त्यानंतर तो विषयच बंद करायचं चाललं होतं. नाही झालं तर तिच्या मावशीच्या नवऱ्याने विमा कंपनीत एक खुर्ची धरून ठेवली होती. अपघातांचे दावे तपासायचे. तो बिचारा भल्यासाठीच करत होता. पण ती खुर्ची म्हटली की माझ्या लेकीचा चेहरा जो उतरायचा, तो मला बघवत नसे. भांडण आमचं कितीही असो, कशावरून म्हणून विचारणारी पोर कुणाचा बंपर कुठे चेमटला ते मोजत बसणार? माझ्या जिवाला घोर लागला होता.

निवडीसाठी उमेदवाराने जाहीर व्याख्यान द्यायचं असतं. समिती पुढे बसते, मागे कुणीही यावं. व्याख्यानाच्या आधी काही दिवस ती तालमीच्या खोलीत आली. कित्येक वर्षांनी तो जिना चढली होती. सगळ्यांसमोर म्हणाली, “आई, मला तुझा वृंद हवाय.”

तिचा बेत असा होता. आमचं निरोपाचं गाणं, छोटंसं, शहरात सगळ्यांनी ऐकलेलं, ते आम्ही दोनदा म्हणायचं. पहिल्यांदा जसं आहे तसं. दुसऱ्यांदा एका जागी एक सूर बदलून. शेवटाकडे मधला आवाज अर्धा सूर खाली उतरतो, पटकन येऊन जाणारी जागा आहे, तिथे उतरायचं नाही, वरच राहायचं. लोकांना आधी सांगायचं की दुसऱ्या वेळी काहीतरी चुकणार आहे. मग विचारायचं, कुठे चुकलं ते ऐकू आलं का, आणि हे तेच गाणं होतं का? लोक म्हणतील, हो, तेच. आणि तिथून ती तिचा मुद्दा मांडणार, की नाही, ते तेच नव्हतं.

“म्हणजे मुद्दाम चुकायचं?” मावशीचे डोळे विस्फारले. “भर सभेत?”

“फक्त एक सूर, मावशी.”

“अगं, पण लोक काय म्हणतील?”

टपालवाली म्हणाली, “मला पत्र चुकीच्या घरी टाकायला सांगितल्यासारखं वाटतंय.”

मी हात वर केला. “लेकीचं काम आहे. चुकायचं म्हणजे चुकायचं. आणि नीट चुकायचं. अर्धवट चुकलेलं मला चालणार नाही.”

एवढी अवघड तालीम मी कधी घेतलेली नाही. मधले आवाज त्या जागेपाशी आले की आपोआप खाली उतरायचे. मी म्हणायची, थांबा, कोण बरोबर गेलं? आणि चार जण माना खाली घालायचे. दंतवैद्याने तर ती जागा आली की दात आवळून धरायला सुरुवात केली. शिंपिणींपैकी थोरली रडकुंडीला आली. “बाई, माझ्या हातून नाही होत हो हे पाप.” एकदा कशीबशी जमत आलेली जागा, तेवढ्यात खालची घंटा वाजली, बंब गेला, आणि परत उचललं तर सगळे पुन्हा बरोबर! मी कपाळावर हात मारून घेतला. पण हळूहळू बसलं. शेवटच्या तालमीला सगळे मधले आवाज वरच्या सुरावर खिळ्यासारखे उभे राहिले. ऐकायला कसंसंच वाटत होतं, पण मी म्हटलं, ठीक आहे.

व्याख्यानाच्या दिवशी दुपारी आम्ही सगळे विद्यापीठात गेलो. उतरत्या बाकांची खोली होती, समोर खाली मोकळी जागा, मागे लांबलचक फळा, त्यावर कुणाच्यातरी आधीच्या तासाचे आकडे अर्धवट पुसलेले. खडूचा वास. समिती पहिल्या बाकावर. मधोमध अध्यक्ष, ताठ बसलेले, पांढऱ्या भुवया, समोर कोरा कागद आणि टोक काढलेली पेन्सिल. दोन्ही वेळा डावललं तेव्हा हेच होते म्हणे. त्यांच्या शेजारी जाड चष्म्याच्या एक प्राध्यापक बाई. आमचे हे मागच्या बाकावर बसले, टोपी मांडीवर ठेवून तिचा काठ नखाने कुरतडत.

कशावरूनने सुरुवात छान केली. आवाज स्वच्छ, हातात कागद, पण बघत नव्हती त्यांच्याकडे. गाणं कुठे असतं, असं विचारलं तिने. कागदावर? गळ्यात? कुणी गात नसतं तेव्हा कुठे जातं? लोक पुढे सरसावून ऐकायला लागले. मग तिने माझ्याकडे पाहिलं, आणि आम्ही गायलो.

पहिल्यांदा सुरेख झालं. उगाच सांगत नाही, खोलीतली कुजबुज थांबली.

मग ती म्हणाली, “आता हेच पुन्हा. पण या वेळी एका जागी एक सूर मुद्दाम चुकवलेला असेल. कान देऊन ऐका.”

मी हात उचलला. गाणं चाललं. ती जागा जवळ आली तशी मी मधल्या आवाजांकडे पाहिलं, डोळ्यांनी सांगितलं, वर, वर राहायचं. सगळ्यांनी मान हलवली. आणि ती जागा आली, आणि सगळेच्या सगळे, मावशीसकट, गुपचूप अर्धा सूर खाली उतरले. जसं असतं तसं. गोड. निर्दोष.

त्यांचे चेहरे बघायला हवे होते. कुणी ठरवून केलेलं नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन. भरलेली खोली, पहिल्यांदा इतकं छान झालेलं, आणि इतक्या वर्षांची सवय. गळ्यांनी मालकाला न विचारता काम उरकलं होतं. मावशीने तोंडावर हात ठेवला. थोरली शिंपीण पांढरीफटक. गाणं संपेपर्यंत आम्ही एक सूर चुकलो नाही आणि सगळ्यांचा जीव गेलेला.

कशावरूनला कळलं होतं. तिचा कान माझा आहे. पण ती ठरल्याप्रमाणे लोकांकडे वळली. “कुणाला ऐकू आलं का, कुठे चुकलं ते?”

लोक एकमेकांकडे बघायला लागले. आणि अध्यक्षांनी पेन्सिल वर केली.

“मला आलं,” ते म्हणाले. “शेवटाकडे. मधल्या आवाजांत. किंचित खटकलं.”

दोघा-चौघांनी माना डोलावल्या. हो, हो, तिथेच.

आता माझं ऐका. त्या क्षणी मला इतका आनंद झाला की विचारू नका. सुटलो! कुणालाही कळलं नव्हतं. वृंदाला माहीत, मला माहीत, तिला माहीत, बस्स. तिने पुढचं पान उलटायचं आणि लिहून आणलेलं बोलायचं, एक अक्षर बदलायची गरज नव्हती. उलट अध्यक्षच तिच्या बाजूने बोलले होते. मी तिच्याकडे डोळे वटारून पाहिलं. बोल, पुढे बोल, मुली. मागे ह्यांचं टोपी कुरतडणं थांबलं होतं. विमा कंपनीची ती खुर्ची माझ्या डोळ्यांसमोर उभी होती आणि मी मनातल्या मनात तिला ढकलून देत होते.

कशावरूनने कागद टेबलावर ठेवले. नीट एकावर एक लावले. आणि म्हणाली, “थांबा.”

तो शब्द माझा. पण मी तो आयुष्यभर दुसऱ्यांना म्हटलाय. ती तो स्वतःला म्हणाली.

“तुम्ही आत्ता ऐकलंत त्यात एकही सूर चुकलेला नव्हता,” ती म्हणाली. “चुकायचं ठरलं होतं. आम्ही तालीम केली होती. पण हे लोक बरोबर गायले.”

अध्यक्षांच्या भुवया जवळ आल्या. मी डोळे मिटून घेतले. संपलं, म्हटलं. भर सभेत त्या माणसाला खोटं पाडलं हिने. आता कसली जागा आणि कसलं काय.

पण ती त्यांच्याकडे वळून अगदी साधेपणाने म्हणाली, “सर, तुम्ही खोटं बोलला नाहीत. तुम्हाला खरंच खटकलं असणार. मी चूक येणार म्हणून सांगितलं होतं आणि तुम्ही माझ्या शब्दावर विश्वास ठेवलात. म्हणजे ऐकण्यात फक्त कान नसतो, विश्वासही असतो. माझ्या पुस्तकात याला कुठेही जागा नाही.”

अध्यक्षांनी पेन्सिल खाली ठेवली.

मग ती आमच्याकडे आली. “मावशी, चुकलात हे तुला कधी कळलं?”

मावशी घाबरून माझ्याकडे बघायला लागली. मी मान हलवली. “तोंडातून सूर निघाला तेव्हाच,” मावशी म्हणाली. “कानाला गोड लागला आणि पोटात गोळा आला.”

लोक हसले. कशावरूनही हसली. पण मग तिचा आवाज बदलला, आणि तो आवाज मी ओळखला. गायची तेव्हाचा होता.

“माझं पुस्तक म्हणतं की गाणं म्हणजे त्याचे सूर, बाकी काही नाही. त्या हिशेबाने इथे चूक झालीच नाही. सूर तपासा, सगळे जागच्या जागी आहेत. पण या सगळ्यांचे चेहरे बघा. यांनी चूक केलीय आणि यांना ते पक्कं माहीत आहे. मग ती चूक आहे कुठे? आवाजात शोधून सापडणार नाही. ती यांच्यात आहे. यांनी एकमेकांना शब्द दिला होता की त्या जागी सगळे वर राहू, आणि तो शब्द मोडला. म्हणजे बरोबर आणि चूक ही सुरांची गोष्ट नाही. आधी कुणीतरी कुणालातरी शब्द द्यावा लागतो. गाणं त्या शब्दावर उभं असतं. शब्दच दिला नसेल, तर नुसते आवाज, आणि आवाजाला काय चुकता येणार? वारा कधी चुकतो का?”

मी जागच्या जागी उभी होते आणि माझे कान तापले होते. मी तिला स्वयंपाकघरात जे सांगू शकले नव्हते ते ती सांगत होती. माझ्याहून नीट. कशावरून ते सुद्धा सांगत होती.

जाड चष्म्याच्या बाईंनी हात वर केला. “तुमचा अर्ज या पुस्तकावर आहे. त्यातला मुख्य मुद्दाच तुम्ही मागे घेताय का?”

“घेतेय. पडला तो. आत्ता, तुमच्यासमोर.”

“एका गाण्यावरून?”

“पडायला एक पुरतं,” कशावरून म्हणाली. “मला पुढचं पान वाचता आलं असतं. कुणाला कळलं नसतं. पण मीही इथे एक शब्द देऊन उभी आहे, की मला खरं वाटेल तेच बोलेन. तो मोडून मी अगदी बरोबर वाक्यं बोलले असते, तरी ते तत्त्वज्ञान नसतं. नुसते आवाज झाले असते.”

उरलेला वेळ ती कागदाशिवाय बोलली. फळ्यावर लिहिलं, पुसलं, अडली, मागे गेली, मागच्या बाकावरच्या एका विद्यार्थिनीने काही विचारलं तर “माहीत नाही, आपण बघू” म्हणाली आणि खरंच तिथे उभी राहून बघायला लागली. मी आजवर समजत होते की ही गाण्याबद्दल नुसती बडबड करते. अहो, ती तालीम करत होती! फक्त गळ्याऐवजी डोक्याने. चुकलं की थांबायचं, सगळ्यांदेखत थांबायचं, आणि सोडलेल्या जागेवरून पुन्हा उचलायचं. दुसरं मी तरी काय केलं जन्मभर? माझी पोर गाणं सोडून गेली म्हणून मी रुसले होते. ती कुठेही गेली नव्हती.

व्याख्यान संपलं, समिती दार लावून आत बसली. आम्ही बाहेरच्या लांब वऱ्हांड्यात, भिंतीला टेकून. कशावरून खिडकीपाशी तिच्या बाबांजवळ होती. ह्यांनी तिच्या हातात आपली टोपी दिली होती आणि आता तीच काठ कुरतडत होती. वृंद एका कोपऱ्यात गोळा होऊन मेल्याहून मेल्यासारखा झालेला.

मी त्यांना धारेवर धरलं. “एवढं साधं चुकता येत नाही तुम्हाला? पोरीचं आयुष्य पणाला लागलेलं आणि तुम्ही बरोबर गाता?”

“बाई,” दंतवैद्य हळूच म्हणाला, “तुम्ही आम्हाला कधी चुकू दिलंत?”

टपालवाली तोंड फिरवून हसली. मग मीही हसले, काय करणार. हसता हसता मी त्यांच्याकडे पाहिलं. भर सभेत, जीव पणाला लागलेला असताना, चुकायचं ठरवूनही ज्यांना चुकता येत नाही, असा वृंद मी तयार केला होता. रागवायचं तरी कुठल्या तोंडाने?

आत बराच वेळ बोलणं चाललं होतं. मधेच आवाज चढत होते. दार उघडलं तेव्हा अध्यक्ष एकटेच बाहेर आले, आणि सरळ कशावरूनकडे न जाता माझ्यापाशी थांबले. जवळून ते दिसले तेवढे ताठ नव्हते.

“वृंद तुमचा का?”

“माझा.”

“आणि मुलगी?”

“तीही.”

“आत दोन तट पडले,” ते म्हणाले. “पुस्तक पडलं म्हणजे अर्ज पडला, असं निम्म्यांचं म्हणणं. शेवटचं मत माझं होतं. मी इतकी वर्षं शिकवतोय. नसलेली चूक मी आज सगळ्यांसमोर ऐकली, आणि हिने मला त्यातून उठवलं, पाडलं नाही. माझ्या विद्यार्थ्यांना शिकवायला मला असंच माणूस हवं.” मग खिडकीकडे वळून मोठ्याने म्हणाले, “जागा तुमची आहे.”

मावशीने किंकाळी फोडली. शिंपिणी एकमेकींच्या गळ्यात पडल्या. ह्यांनी लेकीला जवळ घेतलं आणि टोपी दोघांच्या पायांखाली गेली. अध्यक्ष हसले आणि मला म्हणाले, “सुटलात, बाई. निकाल लागेपर्यंत तुमचा जीव टांगणीला लागला असेल.”

“नाही हो,” मी म्हटलं. “तो तुमचा निकाल. माझा मगाशीच लागला, ती ‘थांबा’ म्हणाली तेव्हा.”

हे बोलताना माझा आवाज चिरकला. सगळ्या वृंदाने ऐकला, आणि एकाचीही ‘थांबा’ म्हणायची हिंमत झाली नाही.